आखाजीच्या मुठीतले शिसे

२ मे २०२५, शुक्रवार

आज माझ्याही हातून मूठ पडली.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जळगावच्या या कारखान्याची पहिली भट्टी पेटते, तेव्हा प्रत्येकाने घरचे एक मोडके पितळ आणून मुशीत टाकायचे – अशी येथील रीत आहे. मालक रतिलालशेठच्या वडिलांनी घालून दिलेली. शेतावरच्या सालदाराचे साल जसे आखाजीला सुटते आणि आखाजीलाच पुन्हा धरले जाते, तसेच या कारखान्याचे. या रितीला सगळे 'आखाजीची मूठ' म्हणतात. मी जानेवारीत रुजू झाले, त्यामुळे माझी ही पहिली.

शेठजींनी देवघरातली पाय मोडलेली समई टाकली. भट्टी सांभाळणाऱ्या डोंगरसिंगभाऊंनी बैलाच्या गळ्यातली घंटी – तो बैल गेल्या पावसाळ्यात गेला. क्वालिटीचे योगराज सर पुण्याला शिकून आलेले. त्यांनी खिशातून एक पितळी कुलूप काढले, "किल्ली हरवलीच आहे, आता कुलूपही हरवू दे" म्हणाले आणि टाकले. सगळे हसले. माझ्यापाशी घरून, सोनगीरहून आणलेले, दांडी तुटलेले निरांजन होते. इतक्या माणसांदेखत पुढे जाऊन ते टाकणे मला परीक्षेपेक्षा कठीण वाटले.

"टाक ना ताई, मूस वाट देखी राह्यनी," डोंगरसिंगभाऊ म्हणाले.

टाकले. हिरवट ज्वाळ उठली, तिच्यावर जस्ताचा पांढरा धूर. मला ते आवडले. आपण येथले झालो, असे वाटले.

५ मे, सोमवार

नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत रवाना केले.

आजवर हा कारखाना शेतातल्या तुषार सिंचनाची तोंडे ओतत असे. त्यांच्याबद्दल कोणी कधी काही विचारले नाही. यंदा मात्र जर्मनीच्या एका ग्राहकाने पिण्याच्या पाण्याचे नळ मागवले आहेत आणि सोबत प्रतिबंधित पदार्थांची यादी पाठवली आहे – शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियमचा एक प्रकार आणि आणखी काही. शिशाची मर्यादा ०.१ टक्के. एका वेळी मुशीत जेवढे वितळते तिला येथे हीट म्हणतात. महिन्यातल्या पहिल्या हीटचा नळ आणि ज्या विकतच्या पितळी विटा वितळवल्या त्यांचा तुकडा, असे दोन नमुने तपासून घ्यायचे, अहवाल जोडायचा आणि वर घोषणापत्र ठेवायचे: 'या मालात वरील पदार्थ मर्यादेबाहेर नाहीत.' त्या ओळीखाली 'तयार करणार' असे असते आणि पुढे माझे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेनंतर माझे नाव इतके महत्त्वाचे कोणी मानले नव्हते.

ती यादी मी शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचली. योगराज सर म्हणाले, "एवढं कोणी वाचत नसतं, ललिता. हे जोडायचे कागद असतात, वाचायचे नसतात."

पण मी वाचणार.

९ मे, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत योगराज सर कोणाला तरी फोनवर सांगत होते – "नाही रे, पोरगी हुशार आहे, बोर्डात वगैरे आलेली. पण मराठी मीडियम. ईमेल लिहिते तर निबंध वाटतो."

निबंधात मला कधी एकही गुण कमी पडला नाही.

१४ मे, बुधवार

अहवाल आला.

विटेचा तुकडा – शिसे ०.०२ टक्के. नळ – शिसे ०.३४ टक्के.

मी तीनदा वाचला. आकड्यावरून बोट फिरवले, जणू बोटाने तो बदलेल. मग योगराज सरांकडे नेला. त्यांनी पाहिला आणि दार लावून घेतले.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "वीटही पितळ, नळही पितळ. विटेचा आकडा नळापुढे घे, नळाचा काढून टाक. एक ओळ इकडची तिकडे. पीडीएफ मी बनवून देतो. तू फक्त डिक्लरेशनवर सही कर."

मी म्हणाले, "मी करणार नाही."

ते फोनवर काहीतरी पाहत राहिले. माझे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. माझा आवाजच तसा आहे. वर्गात उत्तर बरोबर असायचे आणि बाई म्हणायच्या, कोण बोलले?

पुन्हा म्हणावे लागले. पहिल्यांदा म्हणण्यापेक्षा दुसऱ्यांदा म्हणणे फार अवघड असते, हे आज कळले. पहिल्या वेळी माणूस चुकूनही धीट होऊ शकतो.

"काय नाही करणार?"

"सही. आकडा खोटा आहे. त्या नळाचे पाणी कोणीतरी पिणार आहे."

"अगं, ०.३४ ने कोणी मरत नाही."

"मग तसे घोषणापत्रात लिहू या, सर. 'शिसे जास्त आहे, पण कोणी मरत नाही.' त्यावर मी सही करते."

हे मी बोलले! त्यांचा चेहरा आठवला की हसू येते.

१५ मे, गुरुवार

शेठजींनी बोलावले. समोर चहा ठेवला, स्वतः पंखा वाढवला. इतक्या आदराने वागवतात तेव्हा नकार द्यायला जास्त बळ लागते.

"बेटा, योगराज सांगत होता. कोणाचं काही खोटं करायचं नाही मला. पण ही ऑर्डर गेली तर भट्टीवरची माणसं बसतील. तुषारच्या तोंडांवर आता चालत नाही. तू समजदार आहेस."

"शेठजी, विटांत शिसे नाही. नळात आहे. म्हणजे ते आपल्याच चार भिंतींत कुठेतरी शिरले. कुठून शिरले हे शोधल्याशिवाय पुढचा मालही असाच निघेल."

त्यांनी चहा ढवळला. साखर विरघळूनही ढवळत राहिले.

"शोध," ते म्हणाले. "शोधायला ना नाही. पण तोवर कुठे बोलू नको."

योगराज सर बाहेर उभे होते. म्हणाले, "या, टॉपर मॅडम. लागला का निकाल?"

१६ मे, शुक्रवार

वाळू पाहिली. साचे पाहिले. मुशी नव्या आहेत. कुठे काही नाही.

१७ मे, शनिवार

आज कळले. कळू नये असे वाटत होते, तरी कळले.

भट्टीपाशी उभी होते. डोंगरसिंगभाऊ मुशीवरची मळी काढत होते. मी सहज विचारले, पहिल्या हीटमध्ये विटांखेरीज काय काय होते? आणि तोंडातून प्रश्न पुरा बाहेर पडण्याआधीच मला उत्तर दिसले. समई. घंटी. कुलूप. निरांजन. सगळे ओतीव.

मी सोनगीरची आहे. आमच्या घरी पितळ पत्र्याचे, ठोकायचे. शेजारी ओतकामवाले. ओतीव पितळात शिसे घालतातच, हे मी परकर नेसायची तेव्हापासून ऐकत आले आहे. आणि तरीही त्या दिवशी सगळ्यांसोबत हसत उभी होते.

मी भाऊंना सांगितले.

"म्हणजे मना बैलनी घंटीमुये जर्मनीना नळ अडकनात?"

"एकट्या घंटीमुळे नाही, भाऊ. सगळ्यांनीच टाकले."

"बठ्ठासनी टाकं. तू बी टाकं." मग मळीचा चमचा बाजूला ठेवून – "ताई, तो बैल मना पोरगासारखा व्हता. मी काय जहर टाकं का मुशीमा?"

जहर कोणीच टाकले नव्हते. सगळ्यांनी घरातले सर्वांत जपलेले टाकले होते. यात लबाडी कोणाचीच नाही. लबाडी आता होणार आहे, आणि ती माझ्या सहीने व्हावी अशी सगळ्यांची इच्छा आहे.

१८ मे, रविवार. सोनगीर

सकाळच्या एसटीने घरी आले. आबा, माझे वडील, ओट्यावर घागरीचा गळा ठोकत होते. सांगितले सगळे.

"पत्राले शिसं चालस नही, ठोकताना फुटस," आबा म्हणाले. "ओतीवले लागसच. पातळ व्हस, कोपरा-कोपरामा शिरस. हाई तुले मी नवं काय सांगू?"

आई आतून बाहेर आली. "तू गप ऱ्हाय. नवी नवी नोकरी शे. साहेब लोके काय ते देखतीन."

"कागदावर नाव माझे आहे, आई."

"नाव ते रेशनकार्डवर बी शे तुनं."

आबांना हसू आले, मलाही. मग ते गंभीर झाले. "मी घागरवर मनं नाव कोरस. गळनी ते लोके मना दारवर येतस, दुकानवालाकडे जातस नही."

"आनि नोकरी गई म्हंजे?" आईने विचारले.

"गई ते गई. घर काय पळी गयं का?"

आई रागावून आत गेली. निघताना मात्र डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, नेहमीपेक्षा जास्त. भांडण करायला ताकद लागते, असे काही तिने म्हटले नाही. पण डबा तेच म्हणत होता.

१९ मे, सोमवार

शेठजींना कारण सांगितले.

वाटले होते, सुटका झाली म्हणतील. विटा निर्दोष, माणसे निर्दोष, पुढच्या वर्षी मूठ वेगळ्या भट्टीत घालायची – प्रश्न मिटला. मी मनात उत्तरपत्रिका लिहावी तशी मांडणी करून गेले होते.

त्यांचा चेहरा उतरला. असा उतरलेला चेहरा मी कोणाचा पाहिला नव्हता.

"आमच्या देवघरातली समई," ते म्हणाले. "माझ्या आईने रोज घासली ती. ती अशुद्ध?"

"अशुद्ध नाही, शेठजी. तिच्यात शिसे आहे एवढेच. समईसाठी ते ठीकच आहे. नळासाठी नाही."

"आणि हे तू त्या लोकांना लिहिणार?"

"माल नापास झाला तर कारण कळवावे, असे त्यांच्या यादीतच लिहिले आहे."

"काय लिहिशील? की जळगावचे लोक भट्टीत समया आणि बैलांच्या घंट्या टाकतात? ते हसतील बेटा. मीटिंगमध्ये वाचून दाखवतील." ते उठून खिडकीशी गेले. "ओळ बदलायची असेल तर बदला. माल फेकायचा असेल तर फेका. पण मूठ कागदावर येणार नाही."

म्हणजे खोटे आकडे चालतील, खरे कारण चालणार नाही. आज मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरे झाले असते.

२१ मे, बुधवार

नवे संकट. ओतताना साच्याच्या वाटेत जे पितळ गोठून राहते, ते तोडून पुढच्या हीटमध्ये पुन्हा वितळवतात. ते तुकडे रोजच भट्टीत जातात. ढीग मी रोज ओलांडून जाते. पहिल्या हीटचे शिसे म्हणजे पहिल्या हीटपुरते राहिलेलेच नाही. दुसरीत गेले, दुसरीतून तिसरीत. ताकात पडलेल्या दुधासारखे – आता निवडून काढता येणार नाही.

योगराज सरांना म्हणाले, पुढच्या हीटही तपासायला हव्यात.

"तू आम्हाला नोकरीला ठेवलंयस की आम्ही तुला?"

"पहिली हीट एकटी बाजूला काढून उपयोग नाही, सर. तुकडे पुढे गेले आहेत."

त्यांनी हातातले पेन टेबलावर टाकले. पण नमुने पाठवले. त्यांना विषय कळतो. हेच मला सर्वांत जास्त लागते – त्यांना सगळे कळते.

२२ मे, गुरुवार

घोषणापत्र टेबलावर आले. आकडे बदललेले. अहवालासारखाच अहवाल, तसाच शिक्का, तसाच टाइप. 'तयार करणार'पुढे माझे नाव छापलेले. फक्त सहीची जागा रिकामी.

मी ते उलटे करून ठेवले. दुपारी ते पुन्हा सुलटे करून ठेवलेले होते. पुन्हा उलटे केले. असे दिवसभर चालले.

संध्याकाळी योगराज सर म्हणाले, "उद्यापासून तू गेटवर. डिस्पॅच. गेटपास लिहायचे. मराठीतच असतात, तुला जमेल."

"घोषणापत्र कोण करणार?"

"सही करणारा कोणीही मिळतो, ललिता."

मिळू दे. माझी नाही मिळणार.

२३ मे, शुक्रवार

गेटवरची खोली पत्र्याची. दुपारी अंग भाजते. पहारेकरी नानांनी माठ माझ्या बाजूला सरकवला.

२४ मे, शनिवार

आज भट्टीवरची माणसे गेटवरून जाताना माझ्याकडे पाहत नव्हती. डोंगरसिंगभाऊ थांबले.

"तू आमनी मूठ बंद करस का?"

"नाही, भाऊ. मी फक्त खरे कारण लिहावे म्हणते आहे."

"एकच शे ते." ते पुढे गेले. मग परत आले. "आमना पाडावर कोन्ही मरनं तर भांडं फोडतस. तेन्हं नाव काढाले काय उरतं? हाई घंटी भट्टीमा गई, नवा नळमा गई. मले वाटे, कोठे तरी पानी वाही राह्यनं तिन्हामाईन."

असे म्हणून ते गेले. मी गेटपास लिहीत होते. पुढची तीन नावे चुकीची लिहिली.

पण मी चूक नाही. दुःख खरे आहे आणि शिसेही खरे आहे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. लोकांना वाटते, जी मुलगी मान खाली घालून चालते तिला कशालाही मान हलवायला लावता येते. मी मान खाली घालून वाचत असते. एवढाच फरक आहे.

२५ मे, रविवार

खोलीवर बसून लिहिले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. एक पान. त्यात हे आहे:

आमच्या कारखान्यात वर्षाच्या पहिल्या ओतकामात कामगार आणि मालक घरचे जुने पितळ अर्पण करतात. जी वस्तू घरी वापरून झाली, ती नव्या कामात जगावी, ही त्यामागची भावना. जुन्या ओतीव पितळात शिसे असते, हे आम्ही लक्षात घेतले नाही. त्यामुळे मे महिन्याचा माल तुमच्या मर्यादेत नाही. तो आम्ही पाठवत नाही. यापुढे अर्पणाचे पितळ वेगळ्या मुशीत वितळेल. त्याचा एक थेंबही नळांत जाणार नाही.

'ती नव्या कामात जगावी' हे वाक्य इंग्रजीत करायला सकाळ गेली. निबंधच वाटतो. वाटू दे.

२६ मे, सोमवार

शेठजींची गाडी गेटवर थांबली तेव्हा दोन्ही पाने काचेतून आत दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली. गाडी आत गेली.

पुढच्या हीटचे अहवालही आज आले, असे नानांकडून कळले. आकडे उतरत गेले आहेत, पण मर्यादेखाली एकही नाही.

२७ मे, मंगळवार

बोलावणे आले. केबिनमध्ये योगराज सरही होते. टेबलावर माझे इंग्रजी पान, आणि शेजारी सरांनी सुधारलेले. माझ्यापेक्षा आखूड, व्याकरण स्वच्छ. माझी सगळी वाक्ये जाऊन एकच उरले होते: कामगारांच्या अंधश्रद्धेमुळे मालात भेसळ झाली.

शेठजींनी त्या एका वाक्यावर बोट ठेवले. ते इंग्रजी फारसे वाचत नाहीत. अर्थ त्यांनी मला विचारला. मी सांगितला.

"कामगारांच्या?" ते म्हणाले. "पहिली समई माझी होती, योगराज."

"शेठजी, हे प्रोफेशनल दिसतं. त्या भावना-बिवना—"

"तुझं कुलूप कोणत्या श्रद्धेतलं?"

योगराज सरांनी मान खाली घातली. मी प्रथमच पाहिली त्यांची खाली घातलेली मान. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

"हिचं पाठवा," शेठजी म्हणाले. "जसं आहे तसं. खाली सही माझी." मग माझ्याकडे वळून – "हसले तर हसले, बेटा. निदान जे आहे त्याला तरी हसतील."

बाहेर आले आणि गेटवरच्या खोलीत जाऊन पोटभर पाणी प्यायले.

३० मे, शुक्रवार

उत्तर आले. नानांनी धावत येऊन सांगितले, शेठजींनी वर बोलावले आहे. पत्र मी वाचून दाखवायचे, असे ते म्हणाले. योगराज सर असताना मी!

मेचा सगळा माल नामंजूर. ऑर्डर मात्र कायम; जूनच्या नव्या मालाचे अहवाल पाठवावेत, प्रत्येक हीटचे. शेवटी एक ओळ – असे कारण आम्हाला आजवर कोणी लिहिले नव्हते, ते आम्ही आमच्या ओतकामाच्या लोकांना वाचून दाखवले.

"हसले का?" शेठजींनी विचारले.

"तसे लिहिलेले नाही."

"म्हणजे हसले असतील थोडे." पण त्यांचा चेहरा मोकळा होता.

भट्टीवर बातमी पोहोचली. डोंगरसिंगभाऊ गेटवर आले, एक करवंदांचा द्रोण ठेवून गेले. राग गेला आहे की नाही, कळत नाही. करवंदे आंबट होती. सगळी संपवली.

२ जून, सोमवार

वेगळी मूस आली. लहान, काळी. शेठजींनी तिला कुंकू लावले. मूठ आता तिच्यात वितळणार आणि तिच्यातून पुढच्या आखाजीला गेटवरची घंटा ओतणार, असे ठरले आहे.

घोषणापत्राचे काम मला परत देणार का, विचारले. योगराज सर म्हणाले, "बघू. गेटलाही माणूस लागतो."

लागू दे. आज मला काहीही चालेल. आबांना फोन केला. ते एवढेच म्हणाले, "गळनी नही ना घागर?" नाही गळली, आबा. एका लाजाळू मुलीने एका कारखान्याला खोटे बोलू दिले नाही. हे मी कोणाला म्हणणार नाही. म्हणून येथे लिहून ठेवते. जर्मनीतल्या कोणत्या तरी स्वयंपाकघरात एक बाई नळ सोडील, तिच्या पेल्यात माझे शिसे नसेल.

६ जून, शुक्रवार

सकाळी गेटपासाची चिठ्ठी आली. पितळी नळ, मेचा माल, सगळा. जाणार – धुळे. घेणार – ठेकेदार, गावोगावच्या नळयोजनांसाठी.

शेठजींकडे धावत गेले. त्यांना माझ्या चेहऱ्याचे खरेच आश्चर्य वाटले. "बेटा, वितळवून काय करू? इथे कोणी अहवाल मागत नाही. खोटं कुठे बोललो?"

टेम्पो भरून उभा आहे. ड्रायव्हर भोंगा वाजवतो आहे. नाना दारातून म्हणतात, "ललिताताई, सही."

गेटपास मी उलटा करून ठेवला आहे.